फलकावरचे पंचवीस लाख, ठेकेदाराचे सतरा

प्रश्न : आमच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काँक्रीटीकरण झाले. फलकावर रक्कम २५ लाख. मुलाने मोबाइलवर शोधले, तर निविदा २० लाखांची निघाली. आणि पारावर सगळे म्हणतात, ठेकेदाराने काम ‘पंधरा टक्के बिलो’ने घेतले, म्हणजे १७ लाखांत. मधले ८ लाख कुणी खाल्ले? आणि सरकार आधी स्वतःच किंमत ठरवते, मग ती पाडणाऱ्यालाच काम का देते? अशाने रस्ता टिकायचा कसा?
— एक वाचक, पारनेर तालुका

उत्तर : आठ लाखांचा हिशेब लागतो, आणि तो पारावर समजतात तितका चविष्ट नाही. तुमच्यापुढचे तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते तीन वेगवेगळ्या कागदांवरचे आहेत.

पहिला कागद अंदाजपत्रकाचा. शाखा अभियंता जागेवर जाऊन लांबी-रुंदी घेतो, किती खोदाई, किती मुरूम, किती खडी, किती काँक्रीट याच्या बाबी मांडतो आणि प्रत्येक बाबीला दरसूचीतला दर लावतो. पूर्वी ही दरसूची जिल्ह्याची असे, आता राज्याची असते. त्यात ‘लीड’ धरलेले असते, म्हणजे खडी कोणत्या खाणीवरून आणि किती किलोमीटरवरून येणार त्याचा वाहतूक खर्च. या बेरजेवर जीएसटी, साहित्याच्या चाचण्या, किरकोळ अनपेक्षित खर्च असे थर चढतात. सगळे मिळून जी रक्कम होते तिला प्रशासकीय मान्यता मिळते. कचेरीत तिला ‘प्रमा’ म्हणतात. एवढा पैसा या कामावर खर्च करायला हरकत नाही, इतकाच तिचा अर्थ. त्यानंतर तांत्रिक मान्यता येते, म्हणजे आराखडा आणि आकडेमोड अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर आहे अशी वरिष्ठ अभियंत्याची सही. तुमच्या फलकावरचे २५ लाख हे बहुधा प्रमाचे आहेत.

दुसरा कागद निविदेचा. त्यात ठेकेदाराने प्रत्यक्ष करायच्या कामाचीच किंमत असते. जीएसटी, चाचण्या वगैरे बाजूला काढले की २५ चे २० होतात. तिसरा कागद ठेकेदाराच्या देकाराचा. २० लाखांवर १५ टक्के कमी, म्हणजे १७ लाख.

आता उलटे मोजा. ठेकेदाराला १७ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ लाख ६ हजार. झाले २० लाख ६ हजार. थोडेफार चाचण्यांना गेले. उरलेले चार-साडेचार लाख खर्चच झाले नाहीत, ती बचत आहे. ती ठेकेदाराच्या खिशात जात नाही आणि नव्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामालाही वापरता येत नाही. म्हणजे तुमच्या आठ लाखांतला मोठा वाटा एक तर कर आहे, नाही तर न खर्चलेला पैसा.

राहिला प्रश्न ‘बिलो’चा. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याचे निविदेचे नमुने ठरलेले आहेत. ‘बी-१’ नमुन्यात खात्याने सगळ्या बाबींचे दर आधीच लिहिलेले असतात. ठेकेदार फक्त एक टक्केवारी भरतो : इतके टक्के कमी, इतके टक्के जास्त किंवा जसेच्या तसे. तीच ‘बिलो’, ‘अबोव्ह’ आणि ‘ॲट पार’ची भाषा. ‘बी-२’ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार स्वतः भरतो. ‘सी’ नमुन्यात सगळ्या कामाची मिळून एकच ठोक रक्कम. गावातली बरीच कामे पहिल्या नमुन्यावर निघतात, म्हणून पारावर टक्केवारीचीच चर्चा.

निविदा दोन लिफाफ्यांत भरायची असते. आज सगळे ऑनलाइन असले तरी नाव लिफाफाच. पहिल्यात नोंदणीचा वर्ग, पूर्वी केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्री, बयाणा भरल्याची पावती. दुसऱ्यात फक्त दर. पहिल्यात जो नापास झाला त्याचा दुसरा लिफाफा उघडतच नाहीत. त्यामुळे ‘सगळ्यात कमी दरवाल्याला काम’ हे वाक्य अर्धवट आहे. पात्र ठरलेल्यांमध्ये ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला काम, हे पूर्ण वाक्य.

पंधरा टक्के कमीत त्याला परवडते कसे? याची सरळ कारणेही असतात. अंदाजपत्रकात लीड तीस किलोमीटरचे धरले असेल आणि याचा स्वतःचा खडी क्रशर दहा किलोमीटरवर असेल, तर तिथेच पैसे वाचतात. जेसीबी, मिक्सर, डंपर स्वतःचे असतील तर भाडे नाही. पुढचे काम सुरू व्हायला दोन महिने असतील तर माणसे आणि यंत्रे बसवून ठेवण्यापेक्षा हाताला काम बरे. शिवाय नोंदणीचा वरचा वर्ग हवा असेल तर केलेल्या कामांचे दाखले लागतात, त्यासाठीही काही जण दर उतरवतात.

वाकडे कारणही असते, आणि ते पाहायला टेप पुरतो. समजा तुमचा रस्ता २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर. कामाची मापे जिथे लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सगळे जिला ‘एमबी’ म्हणतात तिच्यात, ओळ अशी पडते : नग १, लांबी २००, रुंदी ३, जाडी ०.१५, परिमाण ९० घनमीटर. आता जागेवर जाडी प्रत्यक्षात १२ सेंटिमीटरच पडली, तर माल लागला ७२ घनमीटर. तीन सेंटिमीटर म्हणजे बोटाची दीड-दोन पेरे. पण माल वाचला २० टक्के. काँक्रीटच्या बाबीपुरती पंधरा टक्के बिलोची भरपाई झाली आणि वर पाच टक्के उरले. वरून पाहणाऱ्याला रस्ता तसाच दिसतो. कडेला पाट्या काढल्यानंतर आणि साइडपट्टीचा मुरूम भरण्याआधी जे एक-दोन दिवस मिळतात, तेवढ्यातच जाडी उघडी दिसते. नंतर बघायची तर यंत्राने गाभा कापून काढावा लागतो.

म्हणून माझे मत असे की ‘बिलो’ला उगाच बदनाम केले जाते. देयक निघते ते एमबीतल्या मापावर. शाखा अभियंता माप लिहितो, उपअभियंता तपासतो. मापे खरी पडली तर पंधरा टक्के कमीत घेतलेले कामही धड होते. मापे बसल्या जागी पडली तर दहा टक्के जास्तीने दिलेले कामही पातळच होणार. मला तर पंधरा टक्के बिलोपेक्षा, तिघांचे दर अर्ध्या-अर्ध्या टक्क्याच्या अंतराने अंदाजपत्रकाला चिकटून आलेले दिसले की जास्त शंका येते. ‘टेंडर मॅनेज झाले’ असे आपण ज्याला सहज म्हणतो, ते २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली बेकायदा संगनमत आहे.

फार खाली उतरणाऱ्यांसाठी सरकारने वेसणही घातली आहे. निविदा भरताना बयाणा असतो. हरलेल्यांना तो परत मिळतो, जिंकून माघार घेणाऱ्याचा जप्त होतो. काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत. तिचा काही भाग आधी भरायचा आणि काही प्रत्येक देयकातून कापला जातो. दर अंदाजपत्रकाच्या खाली गेला की वर अतिरिक्त कामगिरी अनामत. १० टक्क्यांपर्यंत ती थोडी असते, त्याखाली दर टक्क्याला वाढत जाते. इतके असूनही ठेकेदार काम अर्धवट टाकून जातात. नगर–मनमाड रस्त्याने जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी करार मोडून उरलेले काम दुसऱ्याला देतात आणि वाढीव खर्च पहिल्याकडून वसूल करायचा असतो. करारात याला ‘मूळ ठेकेदाराच्या जोखीम व खर्चावर’ म्हणतात. कागदावर हे फार भक्कम वाचते. वसुली मात्र बहुतेक वेळा लवादात आणि कोर्टात अडकते, आणि खड्डे तोवर तिथेच.

एक गैरसमज जाता जाता. सगळीच कामे निविदेने जात नाहीत. ठरावीक रकमेच्या आतली कामे तीन वाट्यांत विभागतात : साधारण तिसरा हिस्सा मजूर सहकारी संस्थांना, तिसरा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि उरलेला खुल्या निविदेला. पहिल्या दोन वाट्यांत स्पर्धा नसल्याने ‘बिलो’ नसतो. शेजारच्या गावचा तसाच रस्ता पूर्ण दराने झाला म्हणून लगेच तिथे घोटाळा शोधू नका.

टिकण्याबद्दल. करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खचला, भेगाळला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर पाच वर्षांची देखभाल करारातच असते आणि ती फलकावरही लिहितात. म्हणून फलकावरची रक्कम वाचून झाली की खाली काम पूर्ण झाल्याची तारीख बघा. तक्रार त्या मुदतीच्या आत आणि लेखी करा, मुदतीनंतरची तक्रार म्हणजे नुसतीच हळहळ. दोष लेखी कळवलेले असले की अनामत सोडताना त्यांची दखल घ्यावी लागते.

आणि तुम्ही तर पारनेरचे. तुमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा आला आणि २००५ मध्ये केंद्राचा. केंद्राच्या कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ म्हणजे फक्त कागदांच्या प्रती मिळणे नव्हे. कलम २(ञ) प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज करा आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची संबंधित पाने आणि काँक्रीटच्या चाचणीचे अहवाल मागा. ‘कामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज केलात तर उत्तरही मोघम येईल.

प्रश्न : निळवंडे धरणाला सुरुवातीला ८ कोटींची मंजुरी होती, शेवटी ५ हजार कोटींच्या वर गेले असे वाचतो. ठेकेदाराला एवढी भाववाढ करारात मिळते का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : करारातली भाववाढ आणि प्रकल्पाची वाढलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना ‘भाववाढ’च म्हणतो, त्यामुळे घोळ होतो.

करारातली भाववाढ लहान आणि मोजकी असते. लांब मुदतीच्या कामात मजुरी, सिमेंट, पोलाद, डांबर, इंधन यांच्या सरकारी निर्देशांकांवर एक सूत्र बांधलेले असते. निर्देशांक चढला तर ठेकेदाराला फरक मिळतो, उतरला तर त्याच्याकडून कापला जातो. ठेकेदाराच्या स्वतःच्या चुकीने काम लांबले तर त्या काळातली वाढ एरवी त्याला मिळत नाही. या सूत्राने आठाचे पाच हजार होणे शक्य नाही.

प्रकल्पाची किंमत वाढते ती ‘सुप्रमा’ने, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेने. पाटबंधारे खात्यात हा शब्द चहाइतका नेहमीचा. ऊर्ध्व प्रवरा प्रकल्पाची पहिली मान्यता १९७० ची. धरण तेव्हा म्हाळादेवीला व्हायचे होते. बुडिताला विरोध झाला आणि जागा सरकत निळवंड्याला आली. पुनर्वसन, भूसंपादन, मग कालवे, मग वितरिका, आणि यातल्या प्रत्येकाला लागलेली वर्षे. शिर्डीत २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले, तेव्हा ८५ किलोमीटरचे ते कालव्याचे जाळे १८२ गावांसाठी असल्याचे आणि प्रकल्पाची किंमत सुमारे ५,१७७ कोटी असल्याचे सांगण्यात आले.

आता निव्वळ महागाई किती, ते बघा. पन्नास वर्षांत रुपयाची जी गत झाली ती धरली तर १९७० च्या ८ कोटींचे आज काही शेकडो कोटी होतात, पाच हजार नव्हे. उरलेला फरक काम बदलल्याचा, वाढल्याचा आणि रेंगाळल्याचा. हा पैसा एका ठेकेदाराला जात नाही. धरण, कालव्याचे वेगवेगळे भाग, पूल, दरवाजे यांच्या निविदा वेगवेगळ्या निघतात, आणि भूसंपादनाचा मोबदला तर जमीनमालकांना जातो. उशीर कुणामुळे झाला याचे उत्तर मात्र कोणत्याही सुप्रमाच्या कागदात नसते. तिथे ‘दरसूचीतील बदल’, ‘व्याप्तीतील बदल’ अशी निरुपद्रवी शीर्षके असतात.

प्रश्न : घर बांधायला काढले आहे. मिस्त्रीशी चौरस फुटाच्या दराने मजुरी ठरली. स्लॅब पडल्यावर तो म्हणतो, जिना वेगळा, गच्चीची भिंत वेगळी, पाण्याची टाकी वेगळी. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घेतले असते तर बरे झाले असते का?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : स्टॅम्प किती रुपयांचा, यापेक्षा त्यावर काय लिहिले हे महत्त्वाचे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. अडचण सिद्ध करण्याची. पाचशेच्या स्टॅम्पवर ‘घराचे बांधकाम चौ. फुटाप्रमाणे करून देईन’ एवढेच लिहिले असते तर आजचे भांडण जसेच्या तसे झाले असते, फक्त महागड्या कागदावर.

खरा घोळ ‘चौरस फूट कशाचा’ इथे आहे. आपल्याकडे गवंडीकामात स्लॅबचे माप बाहेरून बाहेर धरायची पद्धत आहे. त्यात छज्जा धरायचा की नाही, बाल्कनी पूर्ण की अर्धी, जिन्याचे माप एकदा की प्रत्येक मजल्याला, जोत्याची उंची दोन फुटांवर गेली तर वरचे बांधकाम कुणाचे, हे प्रत्येक मिस्त्री आपापल्या रिवाजाने सांगतो. तुमचा मिस्त्री लबाड असेलच असे नाही. त्याच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे जिना खरोखरच वेगळा असेल.

सरकारी करार याच भांडणातून गेलेले आहेत, म्हणून त्यांची एक युक्ती उसनी घ्या. तिथे ‘जादा’चे दोन प्रकार करतात. एक, ठरलेलीच बाब जास्त प्रमाणात झाली. राज्याच्या बी-१ नमुन्यात कलम ३८ प्रमाणे निविदेतल्या परिमाणाच्या सव्वापटीपर्यंत तोच दर लागतो, त्यावरच्या कामाला वेगळे गणित. दोन, जी बाब निविदेत नव्हतीच ती निघाली. तिचा दर आधी ठरवून मान्य करून घ्यायचा आणि मग काम. तुमचा जिना पहिल्या प्रकारात की दुसऱ्या, हे नकाशा बघून ठरते. करार करायच्या वेळी नकाशात जिना दाखवलेला होता आणि दर ‘नकाशाप्रमाणे घराचा’ ठरला होता, तर तो वेगळा मागता येत नाही. टाकी नकाशात नव्हती आणि ती तुम्ही नंतर सुचवली, तर पैसे द्यावे लागतील, आणि ते रास्तही आहे.

उरलेल्या कामासाठी आता तरी साधे एक पान करा. कोणत्या कामाचे माप कसे घ्यायचे. सेंट्रिंग, सळई कापणे-वाकवणे आणि पाणी मारणे दरात आहे की नाही. पाणी मारण्यावरून होणारी भांडणे मी मोजायची सोडून दिली आहेत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कुणाच्या, हेसुद्धा लिहा. हसू येईल, पण त्यावरूनही अबोला धरलेली माणसे आहेत. पैशांचे टप्पे कामाच्या मागे ठेवा, पुढे नको : जोते झाल्यावर इतके, स्लॅबचे सेंट्रिंग खोलल्यावर इतके, प्लास्टर झाल्यावर इतके. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे ठरवा. गळती पावसातच कळते.

‘उशीर झाला तर रोज हजार रुपये दंड’ असे कलम घालायला सगळ्यांना आवडते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट त्या मर्यादेत रास्त वाटेल तेवढीच भरपाई देते, आकडा मोठा लिहिला म्हणून तेवढा मिळत नाही. घरभाडे दरमहा आठ हजार भरत असाल तर उशिराची भरपाई त्याच्या आसपास ठेवा. मिस्त्रीही सही करायला कचरणार नाही.

आणि काँक्रीटबद्दल एक. नकाशावर ‘एम-२०’ लिहिलेले असेल, तर २८ दिवसांनी त्या काँक्रीटने प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. स्लॅब भरताना १५ सेंटिमीटरच्या लोखंडी साच्यांत सहा ठोकळे भरून घ्या, ओले असतानाच वर तारीख कोरा आणि दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात बुडवा. तीन सात दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत फोडून घ्या. सात दिवसांचा आकडा साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास असावा. खर्च एका दिवसाच्या मजुरीपेक्षा फार नाही, आणि साचे आणलेले दिसले की मिक्सरवरचा पोरगा पाण्याची बादली ओतताना थोडा हात आखडतो.

प्रश्न : गावात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा आहे, घरपट्टी भरतो. आता ३,२०० चौरस फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही असे ऐकले. मग कागद कशाला करायचे?
— एक वाचक, शेवगाव

उत्तर : यात दोन समजुती एकमेकींत अडकल्या आहेत. आधी नमुना ८. ती घरपट्टीची आकारणी नोंदवही आहे. कर कुणाकडून वसूल करायचा एवढे ती सांगते. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही. बँका कर्ज देताना तिच्यावर थांबत नाहीत, त्याचे कारण हेच.

३,२०० चौरस फुटांची गोष्ट खरी आहे, पण ऐकताना तिची शेपटी गळून पडली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली : एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. अहिल्यानगर महापालिकेपासून तुमच्या गावापर्यंत तीच. तिच्यात लहान भूखंडांना सवलत आहे. तिच्या आधारे २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने गावांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीचा पुरावा, नकाशा, नियमाप्रमाणे आराखडा असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीत दाखल करायची, की काम सुरू करता येते. १,६०० ते ३,२०० चौरस फुटांपर्यंत तसेच कागद द्यायचे आणि ग्रामपंचायतीने दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे. वगळली गेली ती नगररचना कार्यालयाची फेरी. कागद आणि नियम तसेच राहिले. आकडे भूखंडाच्या क्षेत्राचे आहेत, बांधकामाच्या नव्हे, हेही लक्षात घ्या.

नियम तसेच राहिले म्हणजे काय? भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांकाने ठरते, त्यालाच आपण एफएसआय म्हणतो. शहरातल्या मोकळ्या भागात मूळ निर्देशांक साधारण १.१० असतो, म्हणजे २,००० चौरस फुटांच्या भूखंडावर सगळे मजले मिळून २,२०० चौरस फूट. गावठाणासारख्या दाट भागात तो जास्त आहे. पण निर्देशांक शिल्लक आहे म्हणून हद्दीपर्यंत भिंत नेता येत नाही. चारी बाजूंनी सोडायची जागा, जिला सामासिक अंतर म्हणतात, ती वेगळी मोजली जाते. निर्देशांक बसला आणि समास बुडाला तर तेवढे बांधकाम अनधिकृतच. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली त्याला नोटीस येऊ शकते.

प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते. त्यात काम सुरू झाले नाही तर ते वाढवून घ्यावे लागते, तेही ठरावीक वर्षांपर्यंतच. प्रमाणपत्र मिळाल्यावर पाच वर्षांनी मुलगा पुण्याहून येईल तेव्हा बघू, असे चालत नाही. घर बांधून झाले की पूर्णत्वाचा आणि भोगवट्याचा दाखला घ्या. तो नसलेले घर विकताना गिऱ्हाईक त्यावरूनच किंमत पाडते.

भूखंड गावठाणाबाहेर शेतजमिनीत असेल तर बिगरशेतीचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे आकारणी आणि रूपांतर कर भरून ती बिगरशेती मानली जाते, वेगळी परवानगी लागत नाही. हे २०० मीटर तलाठी कार्यालयात तोंडी विचारून ठरवू नका, नकाशावर मोजून घ्या.

आणि पाया खोदण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या. सामासिक अंतर मोजतात ते नकाशावरच्या हद्दीपासून. आजोबांनी घातलेल्या कुंपणापासून नव्हे, आणि ते कुंपण हद्दीवरच असेल याची खात्री गावात कुणालाच नसते. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस जाते, तेव्हा त्यांना जागेवर हजर राहायला सांगा आणि खुणांचे दगड त्यांच्यासमोर रोवून घ्या.